शालनचा डंक

“ओढता का?” डॉक्टर हेरवाड्यांनी मान वर न करता विचारलं.

मिरजेतला त्यांचा दवाखाना, सकाळी अकराची वेळ. त्यांनी माझ्या हातात एक नळी दिली होती. तिच्यात जोरानं फुंकायचं, म्हणजे तिच्यावरचा लाल काटा पुढं सरकतो आणि छाती किती कामाची उरली आहे ते कळतं. मी तीनदा फुंकलं. काटा दोनशेच्या पुढं जायला तयार नव्हता. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाचा तो पाचशेच्या आसपास जायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. माझं वय तेव्हा शेचाळीस.

“नाही ओढत,” मी म्हणालो.

“कधीच नाही?”

मी काही बोलायच्या आत शालन बोलली. शालन म्हणजे माझी बायको. “ओढत हुते की. पर पाच वर्सं झाली सोडून. वाडीला जाऊन दत्त म्हाराजांच्या पायाशी सोडल्या. मी हाताला हात लावलाय.”

“छान केलंत,” डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले. “दम्याच्या माणसानं सिगरेट ओढणं म्हणजे आपल्याच हातानं गळा दाबणं. तुम्ही शहाणे निघालात.” आणि समोरच्या कागदावर त्यांनी एक बारीकशी फुली मारली.

त्या फुलीकडं मी बघत राहिलो. सकाळी सात वाजता स्टँडच्या कँटीनमागं मी दोन ओढल्या होत्या. शालन घरून यायच्या आधी घाईघाईनं तिसरी. मिरजेच्या गाडीत तिच्या शेजारी बसलो तेव्हा तोंडात लवंग होती.

“मग घरात काय आहे?” डॉक्टरांनी विचारलं. “चूल? कोंबड्या? मांजर?”

“ग्यास हाय. जनावर न्हाई काय,” शालन म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “डंक हाय. माझा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमच्या कृष्णाकाठाला डंक कुणाला सांगावा लागत नाही, पण लांबच्या वाचकासाठी सांगतो. लोखंडी सांगाडा, त्यावर मोटर, मोटरच्या पट्ट्यावर वर-खाली होणारी दोन पोलादी मुसळं आणि त्यांच्या खाली दोन उखळं. शिमग्यापासून मृगापर्यंत घराघरातल्या बायका तिथं वर्षाची चटणी कुटून नेतात. पुण्या-मुंबईकडं जिला मसाला म्हणतात ती आमची चटणी. संकेश्वरी, ब्याडगी मिरची, तीळ, खोबरं, धणे, कांदा-लसूण, सगळं त्या दोन मुसळांखाली जातं. डंक चालू असला की पलीकडच्या गल्लीतसुद्धा माणसं शिंकतात.

“तुम्ही मिरची कुटता,” डॉक्टर सावकाश म्हणाले, “आणि हे त्याच घरात झोपतात?”

“पुढं पत्र्याची खोली हाय. मधी दार हाय की ओ,” शालन म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“दार काय करणार? अहो, ती पूड हवेत तासन् तास राहते. आणखी काय शोधायचं मग? दोन-तीन महिने बंद ठेवून बघा. फरक पडतो का ते कळेल.”

खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. डॉक्टर, मी खोटं बोललो, ओढतो, दिवसाला दहा-बारा. एवढंच. डॉक्टर चिडले असते, शालन रडली असती, भांडली असती, चार दिवस बोलली नसती. मी हे सगळं डोळ्यांसमोर आणलं आणि गप्प बसलो. डॉक्टरांनी पंप लिहून दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं, आणि आम्ही बाहेर पडलो.

येताना शालन खिडकीशी बसली. एरवी गाडीत ती माझ्याशी कमी आणि पुढच्या-मागच्या बायकांशी जास्त बोलायची. त्यांतल्या निम्म्या तिची गिऱ्हाइकं असायच्या. त्या दिवशी कृष्णेचा पूल आला तरी ती बोलली नाही. पूल ओलांडल्यावर म्हणाली, “म्हंजी एवडी वर्सं मीच तुमचा जीव घेत हुतो.”

“असं काय बोलतेस,” मी म्हणालो. त्याच्यापुढं मला काही सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण ते पुलाबरोबर मागं गेलं.

वाडीची गोष्ट सांगायला हवी. नृसिंहवाडी आमच्यापासून अर्ध्या तासावर. पाच वर्षांपूर्वी माघात मला एक जबरदस्त झटका आला होता, ओठ निळे पडले होते. त्यातून उठल्यावर शालन मला धरून वाडीला घेऊन गेली. घाटावर गुडघाभर पाण्यात उभं राहून गुरुजींनी संकल्प सांगितला, मी पाणी सोडलं, आणि पूजेत बायका लावतात तसा शालननं माझ्या उजव्या हाताला हात लावला. वर येऊन ती म्हणाली, “एकट्यानं सोडलं की माणूस डगमगतो. मीबी एक सोडलंय. चहा.”

शालन आणि चहा यांची ताटातूट मला खरी वाटली नव्हती. पहाटे उठल्यावर एक, डंक सुरू करताना एक, दुपारी दोन. चहाशिवाय तिचा पाय उचलत नसे. पण वाडीहून आल्यावर तिनं चहाला तोंड लावलं नाही. लोकांच्या घरी हळदीकुंकवाला गेली तरी दूध मागून घ्यायची. आणि मी? मी माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख नेटानं काढले. ज्येष्ठात आमच्या डेपोतले एक चालक निवृत्त झाले. त्यांना निरोप देताना कुणीतरी पाकीट पुढं केलं आणि मी एक उचलली. निमित्त इतकं फालतू होतं की आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसायचं, गाड्यांची नोंद ठेवायची आणि भोंग्यावरून फलाट पुकारायचे. दोन गाड्यांच्या मध्ये कँटीनमागं जाऊन ओढायची आणि तोंडात लवंग टाकायची. “लवंगेनं घशाला बरं वाटतं,” असं मी घरी सांगितलं होतं. ते ऐकून शालन दर सोमवारी माझी लवंगेची डबी आपल्या मसाल्यातून भरून द्यायची, त्यातल्या त्यात टपोऱ्या निवडून.

तिला वास कसा आला नाही, असं कुणीही विचारेल. तिचं नाक मेलं होतं. दहा वर्षं मिरचीत बसून तिला कशाचाच वास येत नसे. दूध उतू जाऊन करपलं तरी धूर दिसेपर्यंत कळायचं नाही. गल्लीतल्या बायका त्यावरून तिची थट्टा करायच्या आणि ती स्वतःही हसायची. मी हसायचो नाही. तिचं ते मेलेलं नाक माझ्या फार उपयोगाचं होतं.

घरी आल्यावर शालन स्वयंपाकाला लागली नाही. पत्र्याच्या खोलीत गेली आणि डंकावरचं कापड काढून स्टुलावर बसून राहिली. हा डंक तिचा होता म्हणजे खरंच तिचा. माहेरी भावजयीकडं हे काम शिकून, माझ्या मागं दोन वर्षं लागून तिनं तो आणवला होता. “एसटीतल्या सायबाची बायको मिरची कुटणार?” असं मी तेव्हा म्हणालो होतो. नंतर गावात मला कुणी माझ्या नावानं ओळखेना. जोतिराम सुतार म्हटलं की लोक विचारात पडायचे, आणि “डंकवाल्या शालनवैनींचे मालक” म्हटलं की लगेच घर दाखवायचे. तिच्या हातच्या चटणीचा रंग लालभडक यायचा आणि वर्षभर उतरायचा नाही. मुलगी सासरी गेल्यावर तर ती डंकाभोवतीच्या त्या बायकांतच राहायची. दुपारी तोंडाला पदर बांधून आठ-दहा जणी बसलेल्या असायच्या, मुसळांच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा चाललेल्या असायच्या आणि सगळ्यांच्या मधे शालन. तिला तसं बघितलं की घरात मीच पाहुणा आहे असं वाटायचं.

“अहो,” तिनं हाक मारली. मी दारात जाऊन उभा राहिलो.

“एक इचारू? वाडीला जाऊन आलो त्या वर्सी शिमग्यापास्नं मिरगापतोर डंक रोज चालू हुता. रांग लागत हुती. तवा तुमास्नी एकदाबी दम लागला न्हाई. खोकलाबी न्हाई. मला चांगलं आठवतंय. मग आताच कसं ओ?”

तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. डॉक्टरांना जे विचारावंसं वाटलं नाही ते तिनं विचारलं. ती माझ्याकडं संशयानं बघत नव्हती, हे मुद्दाम सांगतो. तिला खरोखर कोडं पडलं होतं आणि ते सोडवायला तिनं मला बोलावलं होतं. तिच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसत होती. डंक सुटेल, निर्दोष ठरेल, अशी आशा.

आणि मी बोललो. दवाखान्यात मी नुसता गप्प होतो, इथं मी डोकं चालवलं.

“तेव्हा ही खोली उघडी होती,” मी म्हणालो. “नुसता मांडव होता. वारा यायचा, पूड निघून जायची. पत्रे मारल्यापासून कोंडायला लागली.”

तिनं वर पत्र्यांकडं बघितलं. मग हळूच मान हलवली. “व्हय की,” ती म्हणाली. “माझ्या ध्यानातच आलं न्हाई.”

पत्रे मीच मारून घेतले होते, तिच्या डोक्यावर ऊन येतं म्हणून. आयुष्यात तिच्यासाठी आपण होऊन केलेल्या थोड्या गोष्टींतली ती एक. तीसुद्धा मी त्या दिवशी वापरून टाकली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमागं भीमराव खोत भेटला. हा आमचा चालक, माझ्याबरोबर ओढणारा. त्याला मी सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि ज्याला सांगून काही बिघडणार नाही असा तोच होता.

“मग सांगून टाक की वैनीस्नी,” तो म्हणाला.

“पाच वर्षं फसवलं म्हणून सांगू? तिनं चहा सोडलाय भीमा, अजून.”

“मग ओढू नको.”

“सोडतोच आहे आता.”

“ही संपू दे,” भीमराव म्हणाला आणि हसला. मीही हसलो. ती संपली, मग आणखी एक ओढली. त्याच्या हसण्याचा मला राग आला नाही, हेच आठवतं.

मला वाटलं होतं शालन डंक दोन महिने बंद ठेवील. तेवढ्यात मी सिगरेट सोडीन, बरा होईन, मग म्हणेन, घाल आता सुरू, बघू काय होतं ते. सुरू झाल्यावरही मी बरा राहिलो की डंक आपोआप सुटेल आणि मला काहीच सांगावं लागणार नाही. माझा बेत असा बिनचूक होता. पण शालनला अर्धवट काही जमत नाही. चौथ्या दिवशी तिनं सांगितलं की डंकाला गिऱ्हाईक बघितलंय. शिरढोणची नंदा म्हणून एक बाई होती, नवरा वारलेली, दरवर्षी आमच्याकडं चटणीला यायची. तिला डंक हवा होता.

“अगं, डॉक्टर बंद ठेव म्हणाले. विक नाही म्हणाले,” मी म्हणालो.

“बंद ठिवला तर बायका सोडत्यात व्हय? शिमगा पंधरा दिसावर आलाय. एक म्हणंल माझं तेवडं कुटून दे, दुसरी म्हणंल माझं. मला न्हाई म्हणाय याचं न्हाई. दाराम्होरनं गेला म्हंजे गेला.”

रविवारी सकाळी टेंपो येणार होता. त्या दिवशी मला सुट्टी होती, तरी सहा वाजता मी ‘जरा पेपर बघून येतो’ म्हणून स्टँडवर गेलो आणि दोन ओढून आलो. येताना ठरवलं, आता सांगायचं. शालन अंगणात डंकाला हळदीकुंकू लावत होती, खंडेनवमीला लावायची तसं. शेजारी नारळ ठेवला होता.

“शालन,” मी म्हणालो, “जरा बस.”

ती पदराला हात पुसत पायरीवर बसली.

“डंक विकू नको.”

“का ओ?”

मी तोंड उघडलं. समोर तिचा चेहरा होता, कपाळावर घाम, नाकाच्या शेंड्याला हळद लागलेली. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पाच वर्षं म्हणताना ‘पा’ उच्चारावा लागतो, तेवढासुद्धा माझ्या ओठांतून बाहेर आला नाही. मी म्हणालो, “तुझा जीव आहे त्याच्यात.”

शालन माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे डोळे भरले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण तिनं तसं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

“माझा जीव तुमच्यात हाय,” ती म्हणाली. आणि लाजून, तोंड फिरवून नारळ फोडायला उठली.

त्या एका वाक्यावर मी पुढं अनेक वर्षं मोठा झालो. बहिणीला, मुलीला, व्याह्यांना, ज्याला त्याला ती सांगायची. “शेवटच्या घडीला मला म्हणाले, विकू नको. सोताला दम लागतोय आन म्हणत्यात विकू नको, तुझा जीव हाय त्यात.” ऐकणाऱ्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी पायाच्या अंगठ्याकडं बघायचो, आणि त्यालाही त्या विनय समजायच्या.

नऊ वाजता टेंपो आला. नंदा, तिचा भाऊ आणि दोन हमाल. डंक उचलताना सांगाड्याच्या खाचाखोचांत बसलेली वर्षांची पूड उडाली, आणि मला खोकल्याची उबळ आली. सकाळच्या दोन सिगरेटी छातीत होत्याच. मी भिंतीला धरून वाकलो. शिट्टी वाजावी तसा श्वास वाजायला लागला.

“लौकर न्या रं,” शालन हमालांवर ओरडली. “बघा की त्यांची काय दशा झालीया.” ती धावत आली, पंप माझ्या हातात दिला, आपला पदर ओला करून माझ्या नाकातोंडावर धरला आणि एका हातानं पाठ चोळत राहिली. हात माझी पाठ चोळत होता आणि डोळे टेंपोकडं होते. दोरखंड आवळून झाले. नंदा परत आली, तिनं शालनचे पाय धरले. शालननं एका हातानं माझ्या तोंडावरचा पदर तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हातानं नंदाला उठवलं.

“ब्याडगी निम्मी घाल,” ती तिला म्हणाली. “रंग तिचाच. आन पट्टा दर दोन म्हयन्यानं बघ.”

टेंपो वळणावर गेल्यावर तिनं पदर काढून घेतला आणि विचारलं, “बरं वाटतंय न्हवं आता?”

“हो,” मी म्हणालो.

इथं वाचकाला वाटेल की त्या दिवशी मी सिगरेट सोडली. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. पण त्या दिवशी संध्याकाळी मी कँटीनमागं गेलो, दुसऱ्या दिवशीही गेलो. त्या पंधरवड्यात तर मी जास्तच ओढत होतो, कारण घरी बसवत नव्हतं. पत्र्याची खोली झाडून पुसून शालन तिथं रिकामी बसलेली असायची. बायका यायच्या, दारातून आत बघायच्या, हळहळायच्या आणि मिरच्यांची पिशवी घेऊन दुसरीकडं जायच्या. दुपारी घर इतकं शांत असायचं की घड्याळ ऐकू यायचं.

तीन-एक आठवडे झाले असतील. मी कामावरून आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. शालन वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “आज काय झालं म्हायतीय? शेजारणीकडं चहा उकळत हुता. मला हितं वास आला.”

माझा घास हातातच राहिला.

“नाक उघडलं बगा माझं,” ती म्हणाली. आनंदानं तिचा चेहरा फुलला होता. “सकाळी कोथमिरीचा आला. मग म्हटलं बघावं, तर साबणाचाबी आला. दहा वर्सांनी साबणाचा वास घेतला मी. आता हळूहळू सगळं येईल.”

त्या दिवसापासून मी ओढली नाही.

सोडणं सोपं गेलं असं नाही. भोंग्यावर फलाट चुकीचे पुकारले, भीमरावावर विनाकारण डाफरलो. चार-पाच वेळा कँटीनमागं जाऊन नुसता उभा राहून परत आलो. पण दर वेळी डोळ्यांसमोर देव नव्हता, कृष्णेचं पाणी नव्हतं, टेंपोत चढलेला डंकसुद्धा नव्हता. शालनचं नाक होतं. मी सिगरेट सोडली ती लाजेनं नाही, पकडला जाईन म्हणून. आयुष्यातलं एकुलतं एक धाडसाचं काम म्हणावं असं, तेही मी भिऊन केलं.

आणि मी बरा झालो. दीड महिन्यात जिना एका दमात चढायला लागलो. पहाटेची शिट्टी बंद झाली. ज्येष्ठात आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. नळीत फुंकलं तर काटा चारशे दहावर जाऊन थांबला.

“वा,” डॉक्टर म्हणाले. “औषध निम्म्यावर आणू. काय केलंत?”

“डंक इकला,” शालन म्हणाली. पाठ ताठ करून म्हणाली.

“विकलाच? मी बंद ठेवा म्हटलं होतं.” डॉक्टर तिच्याकडं वळले. “वहिनी, नवऱ्यासाठी एवढं कोण करतं हो? बघा सुतार, तुमचा श्वास यांनी परत आणलाय.”

या वेळी माझी छाती स्वच्छ होती. तोंडात लवंग नव्हती. खरं सांगायला लागणारा दम भरपूर होता. आणि सांगितलं असतं तर आता भांडणापलीकडं काय झालं असतं? नंदाकडून डंक परत मिळाला नसता, पण दुसरा घेता आला असता. शालन तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. आणखी वीस वर्षं तिच्या भोवती बायका बसल्या असत्या. पण मी बरा झालो होतो, आणि माझं बरं होणंच माझ्या खोट्याचा पुरावा झालं होतं. मी डॉक्टरांना म्हणालो, “हो, खरं आहे. हिच्यामुळंच.”

बाहेर बाकावर धापा टाकणारा एक म्हातारा बसला होता, त्याच्या बायकोला शालननं अर्धा तास बसून समजावलं. घरातली धूळ, पूड, काय असंल ते आधी काढा, म्हणाली. आमचंच बघा.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं होऊन गेली. मी निवृत्त झालो. सिगरेट सोडल्यापासून एकही ओढली नाही, आणि दम्याचा मोठा झटका पुन्हा आला नाही. पत्र्याच्या खोलीत आता सायकल आणि जुनी कपाटं आहेत. शालन वर्षाची चटणी शिरढोणला नंदाकडं कुटून आणते. नंदानं आता चार मुसळांचा डंक केलाय, तिथं मोठी रांग असते. मी नोकरीत होतो तोवर शिरढोण गाडीचा फलाट मीच पुकारायचो आणि शालन मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन काचेसमोरून त्या गाडीकडं जायची. जाताना माझ्याकडं बघून हसायची.

चटणी घेऊन आली की ती पुढच्या दारानं घरात येत नाही. मागच्या दाराला येते, डबा परसात ठेवते, तिथंच आडोशाला डोक्यावरून आंघोळ करते, लुगडं धुऊन वाळत घालते आणि मग घरात पाऊल टाकते. कपड्यावर, केसांत राहिलेली पूड माझ्या छातीत जाऊ नये म्हणून. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

यंदाही चैत्रात गेली होती. आता तिचे गुडघे दुखतात, वाकवत नाही. मागच्या दारापाशी ती एका हातानं चौकट धरून उभी होती, डोळे लाल झालेले, केसांवर लालसर पूड. तिला आधार द्यायला मी पुढं झालो.

“अगं, ये आत,” मी म्हणालो. “गार पाण्यानं आंघोळ नको करू. मला आता काही होत नाही.”

“होत न्हाई ते कशामुळं, इसरलासा?” ती म्हणाली. “व्हा बाजूला.”

मी बाजूला झालो.